मठात आचारी, घरात पाहुणा

माझा नवरा कुंभकोणमच्या एका शाळेत गणित शिकवायचा. साडेचारला घरी यायचा. मी आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात टंकलेखिका होते; बसनं घरी पोचेपर्यंत साडेसहा व्हायचे. मधले दोन तास तो दारापुढच्या ओट्यावर पेपर उघडून कॉफीची वाट बघायचा. डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधला कॉफीचा कोरा अर्क, मी सकाळीच काढून ठेवलेलं असे. दूध तापवायचं, एवढंच काम. पण ते बायकोचं. घरात आम्ही मराठी बोलायचो; शेजारी तमिळमध्ये विचारत, "कॉफी झाली का सर?" तो म्हणे, "बायको यायचीय अजून." मग सगळी गल्ली माझ्या वाटेकडे डोळे लावून बसे.

लग्न ठरताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "नोकरी कर, पण घरात काही अडायला नको." अडायला नको म्हणजे कोणाचं, हे मी विचारलं नाही. तेविसाव्या वर्षी तेवढी अक्कल नव्हती.

ऐंशीनंतरच्या एका वर्षी मला कावीळ झाली. तीन आठवडे अंथरूण धरलं. मुलगी लहान होती. सासूबाईंचे गुडघे तेव्हाच गेलेले होते, म्हणून नवऱ्यानं चोळपुरमहून आपल्या बहिणीला बोलावलं. ती बिचारी ऐन लावणीत घरदार सोडून आली. "मला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही," असं तो माझ्या उशाशी बसून म्हणाला. मला त्याची दयाच आली.

पुढे मी बरी व्हावी म्हणून बोललेला नवस फेडायला नणंद मला तिरुविसनल्लूरला, मठाच्या उत्सवाला घेऊन गेली. नवरा तिथं दरवर्षी सेवेला जायचा. सेवा म्हणजे पताका बांधणं असेल, अशी माझी समजूत. परसात गेले, तर मोठ्या चुलाण्यापाशी हा उघडा, डोक्याला पंचा बांधून, पाचशे माणसांचं सांबार ढवळतोय. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, म्हणून नुसत्या वासावरून सांगतोय, "मीठ कमी आहे. वांगी इतक्यात टाकू नका."

एक म्हातारे गृहस्थ मला कौतुकानं म्हणाले, "सर नसले तर आमचं सांबार जमत नाही. दहा वर्षं तेच करतात."

केळीच्या पानावर मी ते जेवले. सांबार उत्तम होतं, म्हणून जास्तच संताप आला.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "तुम्हांला स्वयंपाक येतो."

"ते देवाचं काम."

"आणि मी आजारी होते तेव्हा?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पुरुष घरात चुलीपाशी दिसला तर लोक बायकोला नावं ठेवतात. तुझ्यासाठीच मी करत नाही."

इतका भेकडपणा इतक्या सोवळ्यात गुंडाळलेला मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी डिकॉक्शन काढणं बंद केलं. चौथ्या दिवशी त्यानं गल्लीला ऐकू जाईल असा रिकामा फिल्टर ओट्यावर आपटला. मी बधले नाही. पाचव्या दिवशी घरी आले, तर सासूबाई भिंत धरधरून त्याच्यासाठी कॉफीचा टंबलर घेऊन येत होत्या. तो बसल्या जागेवरून उठलासुद्धा नाही. हात तेवढा पुढे केला.

त्यानंतर भांडावं असं वाटेना. भांडायलाही समोरच्याची थोडी किंमत वाटावी लागते. मी आडुतुरैला क्वार्टरसाठी अर्ज केला आणि मुलीला घेऊन तिकडे राहायला गेले. गल्लीत त्यानं सांगितलं, "बसचा त्रास होतो तिला." नणंद आपलं घरदार सोडून कायमची माहेरी येऊन आईला सांभाळू लागली, तेही त्याला साहजिक वाटलं.

रविवारी तो आमच्याकडे यायचा. तिथं त्याला कोणी ओळखत नव्हतं, तरी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचा आणि मग तिघांची कॉफी करायचा. मुलगी एकदा म्हणाली, "अप्पा, खिडकी का लावता?"

"वाऱ्यानं गॅस विझतो."

बाहेर पान हलत नव्हतं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी कॉफी प्यायले.

नव्वदनंतर तो निवृत्त झाला. शाळेच्या समारंभात मुख्याध्यापक म्हणाले, असा साधा नवरा मिळायला भाग्य लागतं. मला मंचावर बोलावून हार घातला. टाळ्या थांबायच्या आधीच मी खाली उतरले. आडुतुरैची साडेसहाची बस चुकवायची नव्हती.