पडायचं काम

"पडून दाखव रे," खोतांचा मुलगा म्हणाला. "काल पिक्चरमध्ये पडलास तसा."

शिमग्याला गावी आलो होतो. रत्नागिरीच्या आतल्या अंगाला आमचं गाव. पालखी सगळ्या वाड्यांत नाचते, आमच्या बौद्धवाडीच्या अलीकडून वळते. त्या वर्षी गावाने शाळेत व्हिडिओ आणला. आमची माणसं दाराबाहेर उभी. टीव्हीवर मी, वाळक्या हिरोच्या एका फटक्यात आडवा. गावाने टाळ्या पिटल्या. कशाला पिटल्या, ते मला बरोबर कळलं.

मी गोदीत कामाला. गोदीच्या संघातून दहा वर्षं बॉक्सिंग खेळलो. हेवीवेट, सगळ्यात जड गट. रिंगणात मला कधी कोणी पाडलं नाही. पिक्चरवाल्यांनी उचललं ते मात्र पडण्यासाठीच. तिथे फटका लागत नाही. हिरोचा हात वर गेला की आपण आपलं कोसळायचं. वर्षानुवर्षं पडलं की ते अंगात भिनतं.

शाळेच्या पटांगणात खोतांच्या पोराने हात उचलला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मी नाही म्हणणार होतो, शपथ. पण गुडघे आधीच सैल झाले. धाडकन पाठीवर पडलो. लोक पोट धरून हसले.

बाबा तिथेच होते. खोतांच्या आंब्याच्या कलमांची राखण करण्यात त्यांचा जन्म गेला, पण खोतांच्या ओट्याची पायरी कधी चढायला मिळाली नाही. माझ्या पोराला कोण पाडू शकत नाय, एवढं एकच ते गावभर मान वर करून सांगायचे. जवळ आले. हळूच म्हणाले,

"पडलास कशाला? त्याचा हात तं लागला पन नाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"परत," खोतांचा पोरगा म्हणाला. मी उठलो. हात आला. गुडघे सुटायला लागले, तसे दात खाऊन आवळले. या वेळी थप्पड खरीच बसली. कान वाजला. मी उभाच. पुढे काय करायचं ते त्याला सुचेना. कोणी हसलं नाही.

बदललं काय? डोंबल. बाबांची राखण त्याच आठवड्यात गेली. मुंबईत शूटिंगला हिरोचा हात आला आणि मी उभाच राहिलो. तीनदा. चौथ्यांदा त्यांनी दुसरा माणूस बोलावला. मग कोणी विचारलं नाही. बाबा गेले. पालखी अजून तिथूनच वळते.

अजून कोणी डोकं खाजवायला हात उचलला तरी गुडघे सैल होतात. लाज वाटते त्याची. पण आवळतो. आता आडवा होईन तो चार जणांच्या खांद्यावर. त्याआधी नाही.