संपतरावांच्या छातीतली कळ

दैवशाला सिस्टर गोंधळली की तिला हाताला काहीतरी चाळा लागतो. घरी असली तर डबे पुसत बसते, दवाखान्यात असली तर पेशंटचं मनगट धरते. आता तुम्ही म्हणाल, नर्सबाईनं गोंधळून कसं चालेल? अहो, बाई माणूसच आहे ना! धावड्याच्या शेतकऱ्याची लेक. नर्सिंग शिकली, परतूरच्या सोमेश्वरशी लग्न झालं, आणि बरीच वर्षं झाली, आष्टीच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात नोकरी करते. एरवी चुकीच्या गाडीत बसेल, भाजीत मीठ दोनदा घालेल. सोमेश्वर त्यावरून रोज चिडवतो. पण पेशंट समोर बसला की तिची वाट ठरलेली. ताप, नाडी, श्वास, बीपी, बोटाला ऑक्सिजनची चिमटी, आणि शेवटी कुठं दुखतं, कसं दुखतं, किती दुखतं. या वाटेवर ती कधी अडखळली नव्हती. म्हणून तर त्या सोमवारी तिचं डोकं असं चक्रावलं की विचारू नका.

संपतराव आत आले ते छातीवर हात दाबूनच. साठीचे, उन्हानं रापलेले, अंगानं काटक. त्यांच्या मागं बायको गिरिजाबाई, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं पदर तोंडाशी धरलेला.

"काय होतंय काका?"

"लई दुखून राह्यलंय सिस्टर. छातीत दाबल्यावानी व्हतं, मंग पाठीत, मंग वर जबड्यात जातं. घाम सुटतो, मळमळ करतं. तीन दिस झाले."

ऐकून दैवशालाच्या काळजात चर्र झालं. असं बोलणं म्हणजे हृदयाचं दुखणं, दुसरं काय! तिनं दारातली गर्दी मागं सारली आणि काकांना आधी घेतलं. अंगात ताप नाही. नाडी एका लयीत, ठणठणीत. श्वास शांत. बीपी तर असं की तरण्या पोरानं हेवा करावा. चिमटीवर ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. दैवशालानं चिमटी काढून दुसऱ्या बोटाला लावली. तिथंही अठ्ठ्याण्णव.

"कशानं वाढतं दुखणं?"

"पाण्याचा हंडा उचलला की वाढतं. अन् धुणं वाळू घालायला हात वर केला की, बाई गं, जीवच जातो."

हंडा? धुणं? काय गुणाचा नवरा आहे, दैवशालाला वाटलं. आमच्या घरचा स्वतःचा टॉवेल दोरीवर टाकत नाही!

"बरं, दहापैकी किती दुखतं ते सांगा. काहीच नाही तर शून्य, अजिबात सोसत नाही तर दहा."

संपतरावांनी मान वळवून बायकोकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग म्हणाले, "आठ. न्हाई न्हाई, नऊ धरा."

आता आली का पंचाईत? नऊ दुखणारा माणूस असा पायावर पाय टाकून बसतो होय? तो वाकतो, कण्हतो, त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. दैवशालानं आजवर दुखणं लपवणारे पाहिले होते, वाढवून सांगणारे पाहिले होते. हे काका मात्र एवढी भयंकर लक्षणं सांगून राहिले होते आणि चेहरा असा, की पाहुणा चहाची वाट बघतोय.

आतल्या खोलीत डॉक्टर नाहिद मॅडम होत्या. त्यांनी तपासलं, ईसीजी काढला, पट्टी उजेडात धरून बघितली.

"माझ्यापेक्षा चांगला आहे यांचा ईसीजी," त्या हळूच म्हणाल्या. "पण सांगतात ते सगळं हार्टचंच आहे गं. इथंच बसवून ठेव. बीपी परत घे. मशीन तर दगा देत नाही ना, ते बघ."

दैवशाला परत आली तर नवीनच त्रांगडं. संपतरावांचा डावा डोळा फडफडायला लागला होता. तिच्याकडं बघून एकदा मिटला, परत मिटला, मान तिरकी झाली. अरे देवा, झटका येतो की काय? तिनं टॉर्च काढून बुबुळं बघितली, हसायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले, नाव विचारलं. नाव बरोबर सांगितलं, हात बरोबर उचलले, आणि परत तोच डोळा मिचकावला. दैवशालाला काही म्हणजे काही कळेना. आणि खरं सांगायचं तर तिला थोडा रागही आला. या वयात नर्सला डोळे मारतात!

"मावशी, तुम्ही जरा बाहेर बाकावर टेका," ती गिरिजाबाईंना म्हणाली. काकांना नीट खडसावून विचारावं, असा तिचा बेत.

"मी न्हाई जायची," गिरिजाबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "ह्यांना असं सोडून कशी जाऊ?" आणि त्यांनी नवऱ्याच्या स्टुलाची कड धरली ती सोडलीच नाही. संपतरावांनी कपाळावर हात मारला.

म्हणजे उरलं मशीन. बीपीच्या मशीनची शंका आली की दैवशाला जवळच्या धडधाकट माणसाचा दंड मागते. सोबत आलेलं कुणी ना कुणी असतंच, तेवढाच त्यांचाही वेळ जातो.

"मावशी, द्या बरं हात. तुमचं नाही बघायचं, मशीनचं बघायचंय."

"मला काय धाड भरलीय? त्यांचं बघा."

"दे की गं हात!" संपतराव एकदम ओरडले. "मशिनीसाठी मागून राह्यल्या बाई, तुझ्यासाठी न्हाई!"

गिरिजाबाईंनी पिशवी खाली ठेवून हात पुढं केला. दैवशालानं पट्टा गुंडाळता गुंडाळता सवयीनं मनगट धरलं, आणि दचकली. हात ओला आणि गार. बोटांखाली नाडी धावत होती, मध्येच चुकत होती, परत पळत होती. मशीननं आकडा दाखवला तो इतका खाली की दैवशालाला आधी वाटलं, झालं, मशीन खरंच गेलं. तिनं घाईघाईनं पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. तिचं रोजचंच बीपी आलं. मशीन बिलकुल ठीक होतं.

मग मात्र तिनं पहिल्यांदा गिरिजाबाईंच्या तोंडाकडं बघितलं. एवढा वेळ ती बाई तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती! ओठ पांढरे पडलेले, कपाळावर घामाचे थेंब, आणि पदर धरलेला हात खरं तर जबडा दाबून धरत होता. हंडा. धुणं. दैवशालाला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

काकांच्या जागी मावशींना टेकवून तिनं काकांना दाराबाहेर ओढलं. "काका! हे दुखणं कुणाचं सांगून राहिलात तुम्ही?"

संपतरावांनी छातीवरचा हात खाली घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हिचंच, सिस्टर. घरात लेक बाळंत झालीय. बाळंतिणीला सोडून दवाखान्यात न्हाई येत, म्हणून हटून बसली. मंग मीच म्हणलं, माझ्या छातीत दुखतंय. वाटलं, हितं आल्यावर गुपचूप सांगू. तर ही बाजूलाच होईना!"

पुढचं सगळं पटापट झालं. गिरिजाबाईंना आडवं केलं, नाहिद मॅडमनी ईसीजी काढला, आणि या वेळी पट्टी बघताच सरळ १०८ ला फोन लावला. हार्ट अटॅक होता. गोळी चावायला दिली, ऑक्सिजन लावला. संपतराव कागदपत्रं गोळा करायला बाहेर पळाले.

गाडी येईपर्यंत दैवशाला मनगट धरूनच बसली होती.

"मावशी, नवरा दुखण्याचं सोंग करतोय एवढंही नाही कळलं तुम्हाला?"

"कळलं की," गिरिजाबाई मास्कच्या आतून म्हणाल्या. "घरून निघायच्या आधीच कळल्तं. मला जसं व्हतंय तसंच सांगून राह्यले, एक शब्द इकडचा तिकडं न्हाई."

"मग गप्प का राहिलात? आम्ही त्यांनाच तपासत बसलो ना! जीवावर बेतलं असतं!"

"त्यांच्यासाठी निघता येतं, बाई. त्यांना दुखतंय म्हणलं की लेक म्हणली, जा. शेजारीण म्हणली, मी बघते बाळंतिणीकडं. सोतासाठी कसं निघायचं?"

दैवशालाला रागही आला, रडूही आलं, आणि कुणावर रागवावं हेही समजेना.

"आता खरं सांगा. किती दुखतंय?"

गिरिजाबाईंची नजर दाराकडं गेली. दारात कुणी नव्हतं. "लई दुखतंय," त्या म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दैवशालाचा फोन वाजला. छत्रपती संभाजीनगरहून संपतराव बोलत होते. बंद झालेली नस डॉक्टरांनी उघडली होती. धोका टळला होता.

"मावशी बोलतात का?"

"बोलती तर! पहिलं काय इचारलं ठावं हाय? तुमच्या छातीत आता कसंय म्हणती." संपतराव हसले. "भोळी हाय हो. तिला अजून खरंच वाटून राह्यलंय."

दैवशालानं सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"तुम्ही काय म्हणालात मग?"

"ती तर आजच घरी जायचं म्हणत व्हती. मी म्हणलं, अजून दुखतंय गं, मला चार दिस राहावं लागंल, तू बी ऱ्हा सोबतीला. तवा कुठं गपचिप पडलीय."