नाव न सांगायचा पाला

धोंडाबाईंनी माझ्या हातातली वाटी हिसकावली तेव्हा माझी लेक तोंड उघडून बसलेली होती. या गोष्टीला सहा वर्षं झाली, पण त्या वाटीत मी अजून कुणाला काही वाढत नाही.

त्रेपन्न सालच्या माघातली गोष्ट. आम्ही वेल्ह्याला नवेच होतो. हे शाळेत मास्तर, मी घरात, आणि चार वर्षांची लेक गोवरातून नुकती उठलेली. गोवर गेला, ताप गेला, पण कोरडा खोकला काही जाईना. कफ नाही, घरघर नाही; नुसती ठसक. हसली की खोकायची, पळाली की खोकायची, घास गिळताना खोकायची. मध-हळद झाली, ज्येष्ठमध झालं, लवंग भाजून झाली. भोरच्या डॉक्टरांनी छाती तपासून साफ आहे म्हणून सांगितलं. तरी पोरीच्या फासळ्या मोजता येत होत्या.

शेजारच्या सखूबाई म्हणाल्या, "धोंडाबाईला दाखवा की. सुका खोकला म्हंजी तिचाच."

धोंडाबाईंचा वाडा गुंजवणे गावाच्या वर, डोंगराच्या पोटाशी. पाचसहा धनगर घरं, मेंढरं, शेरडं. वय साठीच्या पुढे, पाठ मात्र ताठ. बाजाराच्या दिवशी तुपाचं मडकं डोक्यावर घेऊन त्या वेल्ह्याला उतरत. तूप विकायला बसण्याआधी दहा ठिकाणी थांबावं लागे, कारण प्रत्येक दारात कुणी ना कुणी खोकणारं असे. औषधाचा पैसा घेत नसत. पण आसपासच्या वाड्यांत लग्न निघालं की पहिली हळद त्यांच्या हातची, असा मान होता. नवरा तरुणपणीच गेलेला, तरीही हा मान हाताच्या गुणामुळे मिळालेला. या मानावरच त्या बाई ताठ चालत होत्या.

ओल्या खोकल्याला त्या हात लावत नसत. "त्यो डाक्टरचा," म्हणत. रक्त पडत असेल तर हातातलं सोडून त्या माणसाला दवाखान्याच्या वाटेला लावत.

पुढच्या बाजाराला आमच्या दारात थांबून माझ्या लेकीला त्यांनी जवळ घेतलं, पाठीला कान लावला, आणि कमरेची चंची सोडली. चंचीत सात गुंजा होत्या, लालभडक, काळ्या ठिपक्याच्या. आणि त्यांच्याखाली हिरवट चुरा. चिमूटभर चुरा खडीसाखरेत कालवून त्यांनी पोरीच्या जिभेवर ठेवला. सात दिवसांची पुडी बांधून दिली.

"हे काय आहे, धोंडाबाई?"

"इचारायचं न्हाई, बाई. नाव घेतलं की हाताचा गुण जातो. माझ्या सासूनं बी मला बोलून न्हाई, दावून दिलं."

पाच दिवसांत ठसक निम्म्यावर आली. मग माझ्या हातून पुडी चुलीपुढच्या पाण्यात पडली. बाजाराला अजून दोन दिवस होते, आणि पोरगी पुन्हा खोकायला लागली.

मी कॉलेजात दोन वर्षं काढलेली. नाव न घेण्याची गोष्ट मला हसण्यासारखी वाटत होती. चुरा मी जिभेवर घेऊन पाहिला होता, ज्येष्ठमधासारखा गोड; गुंजेला तशी गोडी असते असं ऐकून होते. चंचीत गुंजा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मग यात कोडं ते काय? चुरा हिरवट आणि बी लाल, हे मनातही आलं नाही. शाळेमागच्या कुंपणावर गुंजेचा वेल होता, शेंगा उकललेल्या. बाजाराच्या दिवशी सकाळी, धोंडाबाईंची वाट न बघता, मी ओंजळभर बिया वेचून आणल्या, खलबत्त्यात कुटल्या, खडीसाखर घातली. लेकीला पाटावर बसवून म्हटलं, "आ कर."

तेवढ्यात दारात मडकं टेकल्याचा आवाज झाला.

धोंडाबाईंनी आधी खलबत्ता पाहिला. त्यात लाल टरफलं चिकटलेली होती. मग वाटी.

"दिलं का?"

"आता देतेच आहे."

त्या उंबरा ओलांडून कधी आल्या, मला कळलं नाही. वाटी हिसकावून त्यांनी चुलीत उपडी केली, पदर बोटाला गुंडाळून पोरीचं तोंड आतून पुसलं, जीभ पाहिली, दात पाहिले. मग माझा हात मनगटाशी घट्ट धरून त्या हळू आवाजात म्हणाल्या,

"गुंजेचा पाला असतो त्यो, बाई. पाला. बी इख हाय. आमच्या वाड्यावरच्या कुंडलिकाचा बैल ह्याच कुटलेल्या बियांनी मेला."

मी मोकळ्या हातानं खलबत्ता लेकीपासून दूर सारला. लेक आम्हां दोघींकडे बघत होती आणि खोकत होती.

"पण तुमच्या चंचीत बिया..."

"त्या राखणीला. औषदाला दीठ लागू नई म्हणून. खायाच्या न्हाईत त्या."

आपण काय बोलून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं असावं. चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी चंची सोडली आणि माझ्या उंबऱ्यावर ठेवली.

"आता ह्ये माझ्याकडं ठिवून काय करू?"

"असं काही नसतं हो, धोंडाबाई. पाला तोच आहे."

"तुमी शिकलेल्या. तुमाला न्हाई कळायचं." आणि मग माझ्या लेकीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "न बोलता वाटी हिसकावलीच होती की म्या. पर उद्या पुन्यांदा कुटलं असतं तुमी."

खरं होतं. मी कुटलंच असतं.

त्या दिवसापासून त्यांनी कुणाला पाला दिला नाही. आलेल्याला सांगत, "मास्तरीणबाईकडं जावा." लोक माझ्याकडे येऊ लागले. मी प्रत्येकाला नाव सांगून पाला देते, बी दाखवते, आणि ती लेकरांच्या हाताला लागू देऊ नका म्हणून दोनदा बजावते. गुण तेवढाच येतो. हे मी त्यांना सांगून पाहिलं. "तुमच्या हातात हाय म्हणून," एवढंच म्हणाल्या. पुढे त्यांच्या वाड्यावरच्या गेनबाच्या घरच्या लग्नात पहिली हळद दुसऱ्याच बाईनं लावली. धोंडाबाई मांडवाच्या कडेला बसून अक्षता निवडत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

परवा, सहा वर्षांनी, त्या माझ्या दारात आल्या. पाठ वाकलेली. खोकत होत्या, कोरडी, तीच ठसक.

मी म्हटलं, "अहो, तुमच्या झोपडीवरच वेल चढलाय ना?"

"हाय की. आठ दिस खातेय. माझ्या हातचा लागत न्हाई."

त्यांनी एक हात पुढे केला. मी डबा उघडला, सवयीनं नाव उच्चारायला गेले, आणि त्यांनी घाईनं दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला.