राखीव कॅचरची आई

फेब्रुवारीतला शुक्रवार. मिलवॉकीच्या आमच्या बारमध्ये तळलेले मासे आणि बिअर पुढ्यात घेऊन सगळे बरळत होते, की आमच्या बेसबॉल संघाचा राखीव कॅचर, म्हणजे फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा, यंदाच्या हंगामात काय दिवे लावणार. मुख्य कॅचर शनिवारी रात्री खेळून दमला, की रविवारी दुपारी टॅड वॉयनारला उतरवायचे. तेवढंच त्याचं नशीब.

"यंदा होमरन मारेल?"

"मारेल की! बाकावरून बूड उचललं तर!" ऑर्व्हिल खिदळला.

मासे वाढणारी आयरीन टॅडची आई. हे ठाऊक असूनच मेले मोठ्याने बोलत. रविवारी तिची कामाची पाळी असे, त्यामुळे लेकाचा खेळ तिने इथल्या टीव्हीवरच, उष्टी ताटं उचलता उचलता पाहिला. दरवर्षी ती हसून म्हणायची, "यंदा चमकेल बघा माझं पोरगं."

"काय आयरीन, यंदा चमकणार ना?" ऑर्व्हिलने डिवचलं.

तिने ताट त्याच्यापुढे आदळलं. "काढून टाकलं त्याला आज सकाळी. गुडघे गेलेत म्हणे."

सगळ्यांच्या नजरा आपापल्या ताटात गेल्या. निदान लाज तरी वाटली असेल, असं मला भोळ्याला वाटलं.

ऑर्व्हिलने माशावर लिंबू पिळलं.

"मग आता राखीव कोण?"