गुडघाभर पाण्यातली मुशी

माझे यजमान मस्कतहून पहिल्या सुट्टीला आले तेव्हा त्यांनी आणलेली अंगठी नवी नव्हती. सासूबाईंनी ती तळहातावर तोलून बघितली आणि वजनदार आहे म्हणाल्या. मी मात्र ती खिडकीपाशी उजेडात धरली, तर आतली बाजू झिजून गुळगुळीत झालेली. दुकानातल्या अंगठीची आतली कड अशी नसते. अशी झीज वर्षानुवर्षं बोटात राहिल्यावर येते. म्हणजे ती कोणाच्या तरी बोटात होती.

मी विचारलं नाही. मला चटकन विचारता येत नाही. मनात वाक्य जुळेपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण त्याचा दोष शाळेला नाही. माझा स्वभावच तसा.

हे सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा थोरली मुलगी बालवाडीत होती आणि धाकटी पाळण्यात. आमचा गुलाब-शेवंतीचा मळा दोन भावांना पुरणारा नव्हता, म्हणून दिरांनी मळा बघायचा आणि यांनी बाहेर जायचं असं ठरलं. मस्कतला मोठ्या इमारतींत गार हवेचे पाइप बसवायचं काम मिळालं. दोन वर्षांनी एकदा सुट्टी.

दुसऱ्या सुट्टीला आले तर मान आणि दंड करपलेले. काम तर इमारतीच्या आत, गार हवेत, असं हेच सांगायचे. मग एवढं ऊन कुठलं? बॅगेतून सोन्याचं एक डूल निघालं. एकच, आणि त्याला फिरकी नव्हती. सासूबाईंनी विचारलं, दुसरं कुठं आहे? समुद्रात, असं हे म्हणाले आणि हसले. मला वाटलं, दुसरं कोणाच्या तरी कानात असेल.

शेजारच्या वस्तीवरच्या एकाचं तसंच निघालं होतं. परदेशात दुसरं घर, आणि इकडची बायको लेकरं घेऊन माहेरी. माझ्या माहेरी तर आता भावजयांचं राज्य होतं. दोन मुली घेऊन मी कुठं गेले असते? त्या सुट्टीत यांचे शर्ट धुताना मी आधी वास घेऊन बघायची, मग पाण्यात टाकायची.

डूल निघालं त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून यांनी सगळं सांगितलं. मी आत भाकरी थापत ऐकत होते. मस्कतच्या खोलीत यांच्यासोबत रत्नागिरीकडचा एक माणूस राहायचा. त्याच्याकडे धातू शोधायचं मशीन होतं. लांब दांडा, खाली ताटलीएवढं चाक, आणि कानाला लावायची टोपणं. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दोघं पहाटे समुद्रावर जायचे आणि गुडघाभर पाण्यात वाळूवरून चाक फिरवायचे. खाली धातू असला की कानात टिणटिण वाजायचं. पोहायला येणाऱ्यांनी अंगाला तेल चोपडलेलं असतं, पाण्यात बोटं आकसतात, आणि अंगठ्या गळून पडतात.

सासूबाईंचा हात जपमाळेवर थांबला. पाण्यातलं सोनं म्हटल्यावर आमच्याकडे कोणाच्याही मनात एकच गोष्ट येणार. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, रोज लांबलांबून लोक अस्थी घेऊन येतात. मेलेल्याच्या तोंडात सोन्याचा मणी ठेवलेला असतो, तो राखेबरोबर पाण्यात जातो, आणि घमेली घेऊन कमरेइतक्या पाण्यात वाळू गाळणारे त्याच्यासाठीच उभे असतात. दागिने घालून कोणी पाण्यात खेळायला जातं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"तिकडं बी राख सोडतात का रे?" सासूबाईंनी विचारलं.

हे किती समजावत होते, पण सासूबाईंनी अंगठी आणि डूल दोन्ही एका डब्यात घालून माळ्यावर टाकलं. देवापाशी नको आणि सुनेच्या बोटात तर नकोच. मला ते बरंच झालं. त्यांना ती वस्तू मेलेल्या बाईची वाटत होती, मला जिवंत बाईची.

दिरांना त्यातली मजाच जास्त. समुद्रात भीती वाटत नाही का, असं त्यांनी विचारलं, आणि मग मुशीची गोष्ट आली. मुशी म्हणजे शार्क. रत्नागिरीवाला तिला मुशी म्हणायचा, म्हणून हेही तेच म्हणायचे. एकदा यांच्या दोन पायांमधून ती सरळ निघून गेली, आणि यांना वाटलं की भिजलेलं पोतं वाहून आलं. एकदा एक मुशी गोल गोल फिरत राहिली आणि तिचं नाक चाकावर आपटलं. हे सांगताना हात हलवत, हसत. पहिल्या दिवशी मुशी हातभर होती. आठ-दहा दिवसांनी मामेसासरे आले तेव्हा ती पुरुषभर झाली. मी भांडी घासता घासता माप घेत होते. जो माणूस माशाची लांबी वाढवतो, तो आणखी काय काय वाढवत असेल, आणि काय लपवत असेल? शिवाय एवढा मोठा मासा गुडघाभर पाण्यात येईल कसा?

तिसऱ्या सुट्टीला हे स्वतःचं मशीन घेऊन आले, दांडा तीन तुकड्यांत सुटा करून बॅगेत घातलेलं. तरी माझी खात्री पटली नाही. विकत तर काहीही आणता येतं. दिरांनी हट्टच धरला, गंगेवर दाखवा म्हणून. सासूबाईंनी बजावलं की अस्थी सोडतात त्या तीर्थावर अजिबात नाही, खाली गावाकडच्या घाटावर जा. आणि लक्ष ठेवायला स्वतःही आल्या.

उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी उतरलेलं. यांनी पँट दुमडली, टोपणं कानाला लावली आणि पाण्यात उतरले. मशीन वाजायचं थांबेचना. पाऊल टाकलं की टिणटिण. येणारा-जाणारा नाणं टाकतो, त्या नाण्यांनी तळ भरलेला. दिरांनी वाकून मूठभर नाणी काढली.

"ठेव ते. गंगेला दिलेलं हाय," सासूबाई काठावरून म्हणाल्या.

"आई, सगळी गंगाच वाजतीये, मी काय करू?" एका कानावरचं टोपण सरकवून हे म्हणाले.

एकेक नाणं सासूबाईंनी दिरांना परत टाकायला लावलं. मुली हसत होत्या. मीसुद्धा पदराआड हसले असेन.

पलीकडच्या पायरीवर एक कुटुंब माशांना कणकेच्या गोळ्या घालत होतं. त्या घाटावरच्या माशांना सवय लागलेली आहे. पाण्यात पाय दिसला की खायला आलं असं समजून ते घोळक्याने येतात आणि पोटऱ्यांना तोंड लावतात. आम्हाला त्याचं काहीच वाटत नाही, लेकरं तर मुद्दाम पाय सोडून बसतात. त्यातला एक मोठा मासा यांच्या पोटरीला घासून गेला.

हे ओरडले नाहीत. पळालेही नाहीत. जागच्या जागी थांबले. मशीनचं चाक सावकाश उचलून यांनी स्वतःच्या पायांसमोर आडवं धरलं आणि मागे सरकू लागले, पाऊल न उचलता, तळ घासत. डोळे पाण्यावर. तोंड पांढरं पडलेलं.

"दादा, मासा हाय तो, मुशी नाय," दीर हसून म्हणाले. यांच्या कानावर टोपणं होती, पण ती नसती तरी यांना ऐकू गेलं नसतं. पायरीला टाच लागली तेव्हा कुठे यांनी श्वास सोडला. मग आमच्याकडे बघून हसले. ते ओट्यावरचं हसू होतं, तेच.

तोंडाने खोटं बोलता येतं. पण पाय असे मागे न्यायला ते कधीतरी खरोखर न्यावे लागलेले असतात. एवढी वर्षं मी ज्या बाईला मनातल्या मनात शिव्या दिल्या ती बाई नव्हतीच. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, तिकडे दुसरी बाई असती तर हे निदान कोणाच्या तरी घरात, कोरड्या जमिनीवर असते.

घरी आल्यावर हे मळ्यातल्या मोटारीपाशी पाय धुवायला गेले. मी टॉवेल घेऊन मागे गेले. वाक्य मनात आधीच जुळवून ठेवलं होतं.

"कोणाला चावली?"

यांनी पाणी बंद केलं. दुमडलेली पँट खाली सोडली. मग म्हणाले, "रत्नागिरीवाल्याला. पोटरीला. आता बरा आहे, थोडा लंगडतो."

"आणि तुम्ही?"

"मी हातभर लांब होतो." मग म्हणाले, "हसून सांगितलं की तुम्ही लोक घाबरत नाही, म्हणून हसून सांगायचो."

मी म्हटलं, "मशीन इथं ठेवून जा."

बरं, म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की मला ते आवडलं नाही.

मशीन खरंच ठेवून गेले. दिरांनी त्याने मळ्यातले हरवलेले विळे शोधले आणि बांधावरच्या घोड्याच्या नालांचा ढीग लावला. पण मशीन इकडे राहिलं म्हणून काय झालं? रत्नागिरीवाल्याचं तिकडेच होतं, आणि समुद्रही तिकडेच. यांच्याकडे तिकडे मोबाइल होता, पण आमच्याकडे फोन नव्हता, वाण्याच्या दुकानात यायचा. मी यांना निरोप धाडला की दर सुट्टीच्या दिवशी सकाळीच फोन करायचा, दुपारी नाही. दुकानात माणसं असायची. त्यांच्यासमोर नवऱ्याशी बोलायला मला अवघड व्हायचं, पण मी जायची.

काय बोलायचं ते सुचायचं नाही. मुली बऱ्या आहेत, फुलांना भाव बरा आहे. मग मी गप्प राहून नुसती ऐकत राहायची, वारा येतोय का, लाटा वाजतायत का. वाणी म्हणायचा, वहिनी, बोला की, पैसे पडतायत त्यांना. एकदा मागे काहीतरी खळखळलं. मी विचारलं, कुठं आहात? खोलीतच आहे, हे म्हणाले, भात लावलाय. मी म्हटलं, कुकर का? हो, म्हणाले. मग मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. वाण्याने दोनदा माझ्याकडे बघितलं. शिट्टी झाली, ती मला स्पष्ट ऐकू आली, आणि तेव्हाच मी म्हटलं, बरं, ठेवते.