नीरजाचा हट्टी इलेक्ट्रॉन

आमची नीरजा लग्नाआधीपासून एका इलेक्ट्रॉनच्या मागे आहे. मी लग्नानंतर सहज वळलो, तो काही वळेना.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत तिची लेसरची प्रयोगशाळा. तिथे काय चालतं, हे तिने मला नारायण पेठेतल्या आमच्या जिन्यात, भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन समजावलं होतं. काही रेणू चुंबकासारखे असतात. त्यांच्यातला एखादा इलेक्ट्रॉन म्हणजे इवलंसं लोहचुंबकच, तोंड वर तरी नाहीतर खाली. लेसरच्या क्षणभराच्या झोताने त्याला टिचकी मारायची आणि हवं तेव्हा ते तोंड फिरवायचं. फिरलं हे कळणार कसं? तर तो रेणू मंद चमकतो. इलेक्ट्रॉन वळला की चमक कमी होते, परत वळवला की वाढते.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच. तुम्ही आधी जिना चढा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तिला चहा देताना मी विचारतो, "वळला का?" ती "नाही" म्हणते आणि चहात साखर कमी पडल्याचं मला ऐकवते. वळणं राहिलं दूर, तिचा रेणू मुळात चमकतच नव्हता. आणि मार्चअखेर ती निवृत्त होणार होती. त्याआधी एकदा तरी तो वळलेला बघायचा, एवढीच तिची इच्छा. बोलली नाही कधी, पण निरोप समारंभाची साडी घ्यायला ती येईना, त्यावरून मी ओळखलं.

खंडेनवमीला आपल्याकडे लोक हत्यारांबरोबर संगणकालाही हळदकुंकू वाहतात. नीरजाला ते मुळीच खपत नाही. तिच्या दारावर पाटी आहे : 'आत हळद, कुंकू, फुले आणू नयेत. येथील लेसर पूजेविना चालतो.' कुठे चालतो, असं विचारायची कोणाची छाती नव्हती.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडली आणि रेणू चमकला. हिरवट पिवळा, चांगला ठसठशीत. फोनवर तिचा आवाज ऐकून मला वाटलं, कोणीतरी गेलं. मग समजलं तशी मी पेढे घेतले, रिक्षा केली आणि संस्थेत संचालकांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांची तोंडं गोड केली.

मग टिचक्या सुरू झाल्या. चमक ढिम्म. कमी होईना की वाढेना. नीरजा लेसरवर चिडली, विद्यार्थ्यांवर चिडली, घरी येऊन आमटीवर चिडली. शेवटी तिची विद्यार्थिनी अस्मिता म्हणाली, "मॅडम, रेणू बाहेर काढून बघू या का?" ही खडकीची, वडील दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे कशालाही हात लावण्याआधी तपासून घ्यायची घरातली सवय.

रेणू काढला. ज्या पोलादी भांड्यात तो थंडगार ठेवलेला असे, ते भांडं रिकामं झालं तरी चमकतच राहिलं. अस्मिताने भांड्याची काचेची खिडकी कापसाने पुसली. कापूस पिवळा झाला. निळ्या लेसरखाली हळद अशीच चमकते म्हणे.

चौकशी सुरू झाली. दुसरा विद्यार्थी केदार म्हणाला, "मी फक्त झेंडूचं फूल ठेवलं मॅडम, ते पण पाटीच्या बाहेर."

अस्मिता म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. आमच्या घरातल्या पूजा आजोबांनी छप्पन सालीच बंद केल्या."

नीरजाने तो पिवळा कापूस हातात घेतला. मग म्हणाली, "मी लावली. निघता निघता, बोटभर."

कापूस टाकून देता आला असता. तिने तो डबीत घालून संचालकांना दाखवला, आणि पेढा खाल्लेल्या प्रत्येकाला जाऊन खरं काय ते सांगितलं. माळ्यालासुद्धा. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला. संध्याकाळी मी विचारलं, "मग आता पाटी काढणार?"

"राहू दे. माझ्यासाठीच आहे ती."

मग काचा पुसल्या, आरसे पुन्हा जुळवले, नवा रेणू तयार केला. हिवाळा गेला. मार्चच्या शेवटच्या दिवशी, निरोपाचा नारळ हातात पडल्यावर, तिचा फोन आला. "वळला."

"पेढे आणू?"

"अजिबात नाही. दुधाने तोंड पोळलंय. रेणू काढला तर अंधार, घातला तर चमक. एका टिचकीला कमी, दुसरीला जास्त. पण उद्या अस्मिता एकटी करून बघणार आहे. मी नसताना वळला, तर खरा."

दुसऱ्या दिवशी ती घरी होती. सकाळपासून तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले. फोन ओट्यावर, नजर फोनवर. चारच्या सुमाराला अस्मिताचा फोन आला. तारीख एक एप्रिल, म्हणून नीरजाने तिला पुन्हा पुन्हा खोदून विचारलं. मग फोन ठेवला, पाटावर बसली आणि रडली.

"आता आणा पेढे," ती म्हणाली.

मी ते कालच आणून तांदळाच्या डब्यामागे लपवले होते. काढून बघतो तर पुड्याची दोरी सुटलेली आणि पेढ्यांची वरची रांग गायब. मी तिच्याकडे पाहिलं.

"काल मला भूक लागली होती," पदराने डोळे पुसत ती म्हणाली.