लाइट आल्यानंतरची खुर्ची

तेव्हा आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावात भारनियमन होतं. अंधार पडला की लाइट जायची आणि लोक निजायच्या बेतात असताना यायची. लाइट आली की घरोघरी टीव्ही लागायचे. त्यामुळे गावच्या केबल चॅनेलवर रात्री दहानंतरची वेळ सोन्याची होती आणि त्याआधीची मातीची.

मी बाजारात मुरमुरे विकायची. शिक्षण चौथी. एकदा एका गिऱ्हाइकाने मुरमुरे नरम आहेत म्हणून कुरकुर केली. मी त्याला म्हटलं, दात नसलेल्या माणसाले नरमच बरे. मागे केबलवाला उभा होता. तो गोंदियाचा, हिंदी बोलणारा. त्याने मला तिथेच विचारलं, अम्मा, टीव्हीपर बोलोगी क्या. लोकांनी फोन करून घरची गाऱ्हाणी सांगायची आणि मी उत्तर द्यायचं, एवढंच काम. उन्हात बसण्यापेक्षा बरं म्हणून गेले.

खोली एक, कॅमेरा एक, खुर्ची एक. बोलणारे आम्ही दोघं. दुसरे म्हणजे ज्योतिषी महाराज. ते फोनवर भविष्य सांगायचे. आमच्या घरी छप्पन सालापासून पत्रिका आणि मुहूर्त बंद. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं सुटलं. मला महाराजांबद्दल आदर नव्हता, त्यांना माझ्याबद्दल नव्हता. पण भांडण त्यावरून नव्हतं. भांडण वेळेवरून होतं. लाइट आल्यानंतरची वेळ त्यांच्याकडे, अंधारातली माझ्याकडे. सगळं गाव काळोखात बसलेलं आणि मी जनरेटरवर बोलतेय. फोन यायचे ते इन्व्हर्टरवाल्यांचे, आणि त्यांना कसलंच दुःख नसायचं. मला दहानंतरची वेळ हवी होती. केबलवाल्याला तसं सांगितलं, तर तो म्हणाला की महाराज नाराज होतील.

भारनियमनाचं वेळापत्रक अधूनमधून बदलायचं. बदललं की महाराज कोणाला न विचारता लाइटच्या वेळेला येऊन खुर्ची धरायचे. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "महाराज, गावाचं भविष्य सांगता, अन् लाइट कवा येते ते लाइनमनलेच पुसता."

त्या दिवसापासून ते माझा कार्यक्रम संपायच्या आधीच दारात उभे राहून खाकरू लागले. फोनवर बोलणाऱ्या बाईला वाटायचं मीच खाकरतेय. मीही कमी नव्हते. त्यांना खुर्ची उंच लागायची. मी उठताना खटका दाबून ती पार खाली करून ठेवायची.

एका रात्री लाइट लवकर आली. माझी वेळ अजून चालू होती आणि गावभर टीव्ही लागलेले. महाराज दारात खाकरत होते. तेवढ्यात एका बाईचा फोन आला.

"आजी, माझा मानूस रातच्याले उशिरा येते. जेवन गरम पाह्यजे म्हनते. मी चुलीपुढं जागत राह्यते, अन् सकारी मले बांधीत धान रोवन्याले जा लागते."

मी विचारलं, माणूस काय काम करतो.

"तुमच्याच टीव्हीवर बसते."

आमच्या टीव्हीवर बसणारा पुरुष एकच होता. दारातलं खाकरणं थांबलं. केबलवाला कॅमेऱ्यामागे तोंडावर रुमाल धरून हसत होता. मी दाराकडे पाहिलं नाही. बाईने सरळ विचारलं होतं, तिला सरळ उत्तर द्यायचं होतं.

"माय, तू आपलं जेवून घे. त्याचं ताट झाक अन् निजून जा. थंडं खाल्ल्यानं कोनी मरत नाही. गरमच पाह्यजे असन, त लवकर घरी येईन."

कार्यक्रम संपल्यावर महाराज आत आले.

"बाई, माझ्या घरात कायले बोट घातलं?"

"मी नाही घातलं. तुमच्या घरानं मले फोन केला."

ते खुर्चीत बसले. खुर्ची खालीच होती. त्या रात्री त्यांनी ती वर केली नाही. टेबलामागून नुसता टिळा आणि डोळे दिसत होते, तशातच त्यांनी सगळ्यांचे ग्रह सांगितले.

बाईने माझं ऐकलं. आठवडाभर ताट झाकलेलं राहिलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात महाराज स्वतःच केबलवाल्याकडे गेले. उशिरा बसल्याने पित्त होतं, मला आधीची वेळ द्या, म्हणाले. अशी दहानंतरची वेळ मला मिळाली. माझ्या घरी माझी वाट पाहणारं कोणी नव्हतं. जेवण मी संध्याकाळीच उरकून यायची. मग फोन सुरू झाले ते थांबेचनात. सासवा, सुना, दारुड्यांच्या बायका, दोन-तीन दारुडेही. मी सगळ्यांना सारखंच झोडपलं आणि लोक खुशीने परत फोन करायचे. ते दिवस मला मानवले.

काही दिवसांनी वेळापत्रक पुन्हा बदललं. आता आठ वाजता लाइट असायची आणि दहाला जायची. म्हणजे महाराजांची वेळ सोन्याची झाली आणि माझी मातीची. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, चला, बदला.

महाराज घड्याळाकडे पाहत उठले. सगळ्या तालुक्याचं उद्याचं सांगणारा माणूस मला म्हणाला, "घरी पुसून सांगतो."